काजळीखालचे ब्रॅडफर्ड

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील ब्रॅडफर्ड हे शहर एकोणिसाव्या शतकात लोकरीच्या कापडावर गबर झाले. मात्र त्या वैभवाची साक्ष देणाऱ्या त्याच्या व्हिक्टोरियन वास्तू, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत (१८३७ ते १९०१) उभ्या राहिलेल्या इमारती, गिरण्यांच्याच धुराने काळ्याठिक्कर पडल्या. लॉकवुड आणि मॉसन या वास्तुविशारदांनी बांधलेले, १८६७ मध्ये खुले झालेले ‘वूल एक्स्चेंज’, म्हणजे लोकरीच्या सौद्यांचे सभागृह, व्हेनेशियन गॉथिक शैलीतले आहे. मध्ययुगीन व्हेनिसमधील टोकदार कमानींवर बेतलेली ही शैली मुंबईकरांना राजाबाई टॉवरमुळे परिचित आहे. तिचा पुरस्कर्ता जॉन रस्किन याला १८६४ मध्ये सल्ल्यासाठी बोलावले असता, चांगले स्थापत्य समाजाच्या श्रद्धेतून उपजते, ते पैशाने मागवता येत नाही, असे त्याने व्यापाऱ्यांना तोंडावर सुनावले. ही टीका मालकांना लागू पडत असली, तरी ज्या पाथरवटांनी दर्शनी भागावर गिरणीमालक टायटस सॉल्ट आणि सूतकताई यंत्राचा जनक आर्कराइट यांचे चेहरे कोरले, त्यांच्या हातातील कसब तिने उणे ठरत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र या इमारती म्हणजे धूर आणि दैन्य असेच समीकरण होऊन बसले होते, आणि त्याच भरात १९६२ मध्ये स्वॉन आर्केड ही दुकानांची देखणी वास्तू, तर १९७३ मध्ये कर्कगेट मार्केट जमीनदोस्त झाले. १९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर धूर हटू लागला आणि दगड धुतले जाऊ लागले, तेव्हा आतून मधाळ रंगाचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला खडक, प्रकटला. ही सफाई नाजूक असते, कारण वाळूचा जोरदार झोत मारल्यास दगडाचा टणक पृष्ठभागच निघून जातो. तसेच सांध्यांच्या दरजा चुन्याऐवजी सिमेंटने भरल्यास भिंतीतील ओल बाहेर पडू न शकल्याने दगडच झिजू लागतो. चुना स्वतः झिजतो व दगड राखतो, हे जुन्या गवंड्यांना ठाऊक होते.

तरीही वास्तू टिकते ती प्रामुख्याने वापरामुळे. टायटस सॉल्टने शहराबाहेर १८५३ मध्ये सुरू केलेली गिरणी आणि तिच्याभोवती वसवलेले सॉल्टेअर हे कामगारांचे गाव २००१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले; पण १९८६ मध्ये बंद पडलेली गिरणी त्याआधीच, १९८७ मध्ये, जोनाथन सिल्व्हर यांनी विकत घेऊन तिथे डेव्हिड हॉकनी यांच्या चित्रांचे दालन उघडले होते. वूल एक्स्चेंजच्या सभागृहात आज पुस्तकांचे दुकान आहे. ज्या गिरण्यांना असा धनी लाभत नाही, तिथे पन्हळी तुंबतात, छपरावरचे शिसे चोरीस जाते आणि पाणी तुळयांत मुरते. शहरातील ड्रमंड मिल तर २०१६ च्या जानेवारीत आगीच्या भक्ष्यस्थानी पडली.