बर्फ हटल्याशिवाय उड्डाण नाही

उत्तर जपानच्या आओमोरी प्रांतातल्या मिसावा तळावर धावपट्टी एकच, वापरणारे तिघे: अमेरिकी सैन्य, जपानचं हवाई स्वसंरक्षण दल आणि प्रवासी विमानं. सायबेरियाचा कोरडा वारा जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतो आणि हिवाळाभर इकडे बर्फ पाडतो. सुमारे 3,050 मीटरची पट्टी बघता बघता पांढरी होते. मग लढाऊ विमान कितीही महागडं असो, जागचं हलत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी टर्मिनलच्या काचेतून मी इथली सफाई पाहिली. बर्फ लोटणारे ट्रक तिरक्या रांगेत येतात. पहिला मधल्या रेषेजवळचा बर्फ बाजूला सारतो, त्याची रास दुसरा पुढे ढकलतो, दुसऱ्याची तिसरा. दोन फाळांमध्ये हातभर जागा सुटली तरी तिथे बर्फाचा पट्टा उरतो, म्हणून प्रत्येक ट्रक पुढच्याच्या वाटेवर थोडा चढून चालतो. उडणाऱ्या भुग्यात मागच्या चालकाला धड दिसत नाही, तरी रांग मोडत नाही. पाठोपाठ फिरते झाडू येतात. कडेची रास ब्लोअर ओढून घेतो आणि दूर माळावर भिरकावतो. ती तिथेच राहिली तर पट्टीचे दिवे बुजतील.

रस्त्यावर मीठ टाकून भागतं, इथे नाही. मिठाने विमानाचा धातू गंजतो, म्हणून पोटॅशियम ॲसिटेटचा द्राव फवारतात. शिवाय एफ-16चं हवा ओढणारं तोंड पोटाखाली, जमिनीलगत असतं. झाडूतून निसटलेली पोलादी तार किंवा बर्फाचा खडा आत गेला, की इंजिनाची पाती निकामी होऊ शकतात. त्यामुळे झाडलेली पट्टीही नजरेखालून घालावी लागते. मग गाडी पळवून ब्रेक लावतात, चाकं किती पकड घेतात ते मोजतात, आणि तो आकडा वैमानिकांपर्यंत पोहोचतो.

हे काम अमेरिकी सैनिक आणि तळावरचे जपानी कर्मचारी मिळून करतात. सैनिक काही वर्षांनी बदलून जातात. अनेकांचा पहिला खरा हिवाळा इथलाच असतो. जपानी सहकाऱ्यांची मात्र हयात या हवेत गेलेली असते. कोणत्या वाऱ्यात कोणती कड आधी भरते, हे नवख्याला त्यांच्याकडूनच शिकावं लागतं.

दोन देशांच्या लष्करी मैत्रीबद्दल बोलताना विमानांची संख्या मोजली जाते. मोजणाऱ्यांनी हे ट्रकचालकही त्यात धरावेत.