आगाऊ प्रवेशाच्या करारावर सही करण्यापूर्वी

गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यात आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ रविवारच्या मिस्सानंतर कागदांची चळत घेऊन भेटीस आले. मुलगी बारावीत, अभ्यासात हुशार. पदवीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील एका नामवंत महाविद्यालयात जाण्याची तिची इच्छा. चळतीतील एका पानावर विद्यार्थिनी, पालक आणि प्राचार्य अशा तिघांच्या सह्यांसाठी जागा होती. "फादर, लवकर अर्ज केला की प्रवेश मिळण्याची शक्यता वाढते म्हणतात. फक्त एवढी सही राहिली आहे," ते म्हणाले. मी ते पान दोनदा वाचले. प्रवेश मिळाल्यास मुलगी त्याच महाविद्यालयात दाखल होईल व अन्य सर्व ठिकाणचे अर्ज मागे घेईल, असे वचन तिघांनी मिळून द्यावयाचे होते. खर्च किती येईल, याचा आकडा त्या पानावर कोठेही नव्हता.

परदेशी शिक्षणाची स्वप्ने आता आपल्या वाड्यांतील आणि आळ्यांतील घरांतही पाहिली जातात, ही आनंदाची गोष्ट आहे. म्हणूनच या पद्धतीची ओळख वाचकांना करून द्यावी असे वाटले.

अमेरिकेतील महाविद्यालयांत प्रवेशासाठी साधारणतः जानेवारीच्या आरंभी अर्ज करावा लागतो, मार्चअखेरीस निकाल कळतो आणि १ मेपर्यंत विद्यार्थ्याने आपला निर्णय कळवायचा असतो. याखेरीज दोन आगाऊ मार्ग आहेत. दोहोंची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते आणि 'अर्ली डिसिजन'चा निकाल नाताळापूर्वी, डिसेंबरच्या मध्यास लागतो. 'अर्ली अ‍ॅक्शन' या मार्गात उत्तर लवकर मिळते, मात्र विद्यार्थी मे महिन्यापर्यंत मोकळा राहतो. 'अर्ली डिसिजन' हा मार्ग बंधनकारक आहे. असा अर्ज एकाच महाविद्यालयाकडे करता येतो. नावांतील साधर्म्यामुळे पुष्कळ पालकांची गफलत होते. काही महाविद्यालये जानेवारीत या बंधनकारक अर्जाची दुसरी फेरीही घेतात व तिचा निकाल फेब्रुवारीत देतात.

महाविद्यालयांना या मार्गाची एवढी गोडी का, हे समजून घेतले पाहिजे. प्रवेश देऊ केलेल्यांपैकी प्रत्यक्ष किती विद्यार्थी येतील, ही प्रत्येक संस्थेची चिंता असते. बंधनकारक अर्ज करणारा येणारच, त्यामुळे जागाही भरतात आणि शुल्काच्या उत्पन्नाचा अंदाजही आधीच बांधता येतो. अनेक निवडक महाविद्यालये आपल्या निम्म्याच्या आसपास जागा अशा प्रकारे भरतात. अ‍ॅव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउसर या तिघा अभ्यासकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले होते, की लवकर अर्ज केल्याने होणारा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० गुणांच्या तोडीचा असतो. तेव्हा लवकर अर्ज केल्यास शक्यता वाढते, हे त्या गृहस्थांचे म्हणणे निराधार नव्हते. परंतु या लाभाचे मोल कोण देतो, हा खरा प्रश्न आहे. ज्याला पैशांची विवंचना नाही तो निर्धास्तपणे सही करतो. ज्याला दोनतीन महाविद्यालयांच्या साहाय्याची तुलना करणे भाग आहे, त्याची तुलनेची संधीच या सहीने संपते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांनी २००६ साली आगाऊ प्रवेश बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा गरीब घरांतील मुलांवर होणारा अन्याय हेच कारण पुढे केले होते. २०११ मध्ये दोघांनीही तो पुन्हा सुरू केला, मात्र बंधनाविना.

आता अर्थसाहाय्याकडे वळू. महाविद्यालयाच्या वर्षाच्या एकूण खर्चातून कुटुंब जेवढी रक्कम देऊ शकेल ती वजा केली, की जी उरते ती 'गरज'. समजा, खर्च ९०,००० डॉलर आणि कुटुंबाची कुवत १५,००० डॉलर ठरली, तर गरज ७५,००० डॉलरची. येथे एक मेख आहे. कुटुंबाची कुवत कुटुंब ठरवीत नाही, महाविद्यालय ठरवते. त्यासाठी पुष्कळ महाविद्यालये 'सीएसएस प्रोफाइल' नावाचा विस्तृत अर्ज भरून घेतात. तो भरण्यासही शुल्क आहे आणि बंधनकारक प्रवेशासाठी तो बहुधा नोव्हेंबरमध्येच द्यावा लागतो.

हा अर्ज आपल्याकडील कुटुंबांनी विशेष काळजीपूर्वक भरावा. त्यात केवळ पगार विचारीत नाहीत, तर राहत्या घराची किंमत, अन्य जमीनजुमला, शेती, ठेवी हे सारे विचारतात. आपल्याकडे केळीची किंवा फुलांची वाडी असलेल्या घरात वर्षाकाठी हाती येणारी रक्कम बेताची असते, परंतु त्याच जमिनीचा बाजारभाव ऐकून परक्याचे डोळे विस्फारतात. परदेशातील अधिकारी कागदावरची किंमत पाहतो. ही जमीन वडिलोपार्जित आहे, सातबाऱ्यावर भावंडांची आणि आत्यांची नावे आहेत, ती विकून शुल्क भरणे शक्य नाही, हे त्याला आपण सांगितल्याविना कळणार कसे? अशा वेळी केवळ आपल्या हिश्शाची किंमत दाखवावी आणि विशेष परिस्थिती नमूद करण्यासाठी अर्जात जी जागा असते, तेथे हा सारा तपशील साध्या शब्दांत लिहावा. शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, म्हणून ते लिहू नये असा सल्ला काही दलाल देतात. तो मुळीच मानू नये. करमुक्त उत्पन्नही तेथे स्पष्टपणे विचारलेले असते.

परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत आणखी एक भेद आहे. अमेरिकी सरकारचे शिक्षणविषयक अनुदान व कर्ज त्यांना मिळत नाही, म्हणजे जे काही मिळेल ते महाविद्यालयाच्या तिजोरीतूनच. त्यामुळे बहुतेक संस्था परदेशी अर्जदाराला निवडताना, तो साहाय्य मागतो आहे की काय, हे विचारात घेतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशा मोजक्याच ठिकाणी ही बाब निवडीच्या आड येऊ देत नाहीत. यांपैकी पहिल्या चार ठिकाणी आगाऊ अर्ज बंधनकारक नाही. अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ व बोडन येथे तो बंधनकारक आहे. आपल्या वाचकांना कॅथोलिक विद्यापीठांविषयी कुतूहल असेल. इंडियाना राज्यातील नोत्र दाम विद्यापीठाने सप्टेंबर २०२४ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांनाही हेच धोरण लागू केल्याचे जाहीर केले, आणि तेथील आगाऊ अर्ज बंधनकारक नाही. येशूसंघीयांच्या बोस्टन कॉलेजने मात्र २०१९ च्या हंगामापासून बंधनकारक मार्ग स्वीकारला आहे.

साहाय्य मागितल्यास प्रवेश हुकेल या भीतीने काही पालक 'साहाय्य नको' असे लिहून मोकळे होतात आणि पुढच्या वर्षी मागू असे मनाशी ठरवतात. हा डाव अंगलट येतो. परदेशी विद्यार्थ्याने प्रवेशाच्या वेळी साहाय्य मागितले नसेल, तर पुढील वर्षांत ते मागता येणार नाही, असा नियम कित्येक संस्थांत आहे. शिवाय व्हिसासाठी लागणारे आय-२० पत्र देण्यापूर्वी महाविद्यालय पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद कागदोपत्री पाहतेच.

रुपयाचाही विचार करावा. २०११ च्या मध्यास डॉलर सुमारे ४५ रुपयांना होता, डिसेंबर २०२४ मध्ये त्याने ८५ ओलांडले. चार वर्षांच्या शिक्षणात तुमचा वाटा डॉलरमध्ये तेवढाच राहिला, तरी रुपयांत तो वाढत जाण्याचा संभव असतो. महाविद्यालयाचे शुल्कही दरवर्षी वाढते, ते वेगळेच.

मग करार मोडता येतो का? येतो, पण एकाच कारणासाठी. साहाय्य मागूनही पुरेसे मिळाले नाही आणि त्यामुळे दाखल होणे अशक्य झाले, तर विद्यार्थी प्रवेश नाकारून मोकळा होऊ शकतो, अशी तरतूद या करारातच केलेली असते. ज्याने साहाय्य मागितलेच नाही, त्याला ही वाट खुली नाही. आधी साहाय्य कार्यालयाशी बोलावे, चुकलेला आकडा किंवा बदललेली परिस्थिती दाखवून फेरविचार मागावा, आणि तरीही जमत नसेल तर लेखी कळवून मुक्त व्हावे. याला हाती वेळ थोडा असतो. डिसेंबरच्या मध्यास निकाल आणि जानेवारीच्या आरंभी नेहमीच्या अर्जांची मुदत, म्हणून इतर अर्ज नोव्हेंबरातच तयार करून ठेवावेत. नाताळच्या आठवड्यात निबंध लिहीत बसण्याची पाळी कोणावर येऊ नये.

अन्य कारणाने करार मोडल्यास कोणी कोर्टात खेचत नाही, म्हणून तो गमतीने घ्यावा असे नाही. त्यावर शाळेच्या प्रमुखाची किंवा समुपदेशकाची सही असते. एका विद्यार्थ्याने शब्द फिरवल्यावर टुलेन विद्यापीठाने त्याच्या शाळेतील पुढच्या मुलांना वर्षभर हा मार्ग बंद केल्याची बातमी २०२५ मध्ये आली होती. चूक एकाची, भोगणारे दुसरेच.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर ज्या घराचा निर्णय साहाय्याच्या आकड्यावर अवलंबून आहे, त्या घराने बंधनकारक मार्गापासून सहसा दूर राहावे. अपवाद एवढाच, की ते महाविद्यालय पूर्ण गरज भागवण्याची हमी परदेशी विद्यार्थ्यांनाही देते आणि अंदाजे आकडा आधी कळलेला आहे. अमेरिकेतील महाविद्यालयांना २०११ पासून कायद्याने आपल्या संकेतस्थळावर निव्वळ खर्चाचे गणकयंत्र ठेवावे लागते, परंतु ते बहुधा तेथील नागरिकांसाठी बेतलेले असते. तेव्हा सरळ पत्र लिहून, उत्पन्नाचे आकडे कळवून, अंदाज मागावा. विचारणाऱ्याला अनेक कार्यालये उत्तर देतात.

त्या गृहस्थांनी तेच केले. आठवड्याभरात उत्तर आले. त्यांच्या वाट्याचा अंदाज त्यांच्या वार्षिक मिळकतीहून अधिक होता. कारण उघड होते : वाडीची पूर्ण किंमत त्यांच्या एकट्याच्या नावावर धरली गेली होती. दुरुस्ती कळवेपर्यंत नोव्हेंबर उजाडला, म्हणून त्यांनी सही केली नाही. मुलीने एक अर्ज बंधनाविना आगाऊ केला, बाकीचे जानेवारीत. एप्रिलमध्ये दोन ठिकाणची साहाय्यपत्रे हाती आली, तेव्हा नवरा-बायको आणि मुलगी तिघेही ती शेजारी ठेवून हिशेबाला बसली, आणि अनुदान अधिक व कर्ज कमी असलेले, नावाने थोडे कमी परिचित असे महाविद्यालय त्यांनी निवडले.