एका ‘ळ’ची राखण

नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात खंडोबाची मोठी यात्रा भरते ते माळेगाव. नाशिक जिल्ह्यात यंत्रमागांसाठी ख्यात आहे ते मालेगाव. मराठी माणसाचा या दोन नावांत घोटाळा होत नाही. इंग्रजीत लिहिताच मात्र दोन्ही गावे एक होतात आणि तेच इंग्रजी नाव यंत्राने पुन्हा देवनागरीत उतरवले की यात्रेचे माळेगाव ‘मालेगाव’ होऊन परतण्याचा धोका असतो. लातूर जिल्ह्यातील जळकोटचे तसेच ‘जलकोट’ होते आणि शिरूर अनंतपाळचे ‘अनंतपाल’.

ही अडचण संगणकाने आणलेली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि सरकारी दफ्तराची भाषा उर्दू होती. उर्दू लिपीत ‘ळ’साठी अक्षर नाही. पुढे इंग्रजी याद्या आल्या, त्यांतही ते नाही. आज मोबाइलवर जी देवनागरी सहज हाती येते तिच्यावर हिंदीची छाया असते आणि प्रमाण हिंदीत ‘ळ’ चालत नाही. अशा तीन चाळण्यांतून गाळून गावाचे खरे नाव टिकले ते माणसांच्या जिभेवर. जिभेवरचे नाव कागदावर, आणि आता पडद्यावर, नीट उतरावे म्हणून जी मंडळी विनावेतन खपत आहेत त्यांत मराठी विकिपीडियाच्या संपादकांचा वाटा मोठा आहे.

हा मुक्त ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. मूळ इंग्रजी विकिपीडिया त्याआधी दोन वर्षे, जानेवारी २००१ मध्ये निघाला होता. मराठीतील लेखांची संख्या आता लाखाच्या घरात आहे. कोशरचना मराठीला नवी नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड काढले आणि त्यासाठी चक्क मर्यादित कंपनी स्थापून भांडवल उभे केले. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली वाईत मराठी विश्वकोशाचे काम चालले. त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला. विकिपीडियाला मात्र ना भागधारक, ना संपादक मंडळ. कोणीही लिहावे आणि कोणीही ते दुरुस्त करावे.

मग शिस्त राहते कशी? बँकेची खातेवही ज्यांनी हाताळली आहे त्यांना हे चटकन उमगेल. प्रत्येक लेखामागे ‘इतिहास’ असतो. कोणी, केव्हा, कोणता शब्द बदलला याची नोंद तेथे राहते आणि चुकीची नोंद उलटवता येते. ज्या विधानाला आधार नाही त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शेरा पडतो. जणू ती रक्कम उचंत खात्यात जाते आणि पावती आली तरच पुढे सरकते. मतभेद झाले तर लेखाच्या चर्चा पानावर बोलणे होते, सर्वांचा प्रश्न असेल तर ‘चावडी’वर. मंडळींनी घडवलेले किंवा पुन्हा वापरात आणलेले हे शब्द पाहण्यासारखे आहेत. नवख्याने हात बसवण्याची जागा ‘धूळपाटी’, ठरीव कामे आपोआप करणारी आज्ञावली ‘सांगकाम्या’, व्यवस्था पाहणारे ‘प्रचालक’, मत मागणे म्हणजे ‘कौल’. परिभाषा समित्यांना वर्षानुवर्षे जे साधले नाही ते येथे सहज साधले आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होऊ नये.

वाद बहुधा लहान दिसणाऱ्या गोष्टींवरून होतात. लेखाचे नाव ‘लातूर’, पण वाक्यात ‘लातूरात’ लिहावे की ‘लातुरात’? १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे अकारान्त शब्दाचे उपान्त्य अक्षर दीर्घ. प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होते. म्हणून ‘लातुरात’. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याबाबत ‘हजूर’ की ‘हुजूर’, ‘साहिब’ की ‘साहेब’, असे प्रश्न उभे राहतात. पंजाबी उच्चार मानावा की मराठीत रूढ झालेला, यावर दोन्ही बाजूंना बोलण्यासारखे आहे. नांदेड जिल्ह्यातील किल्ल्याचे गाव कंधार, पण हिंदीत अफगाणिस्तानातील शहरालाही ‘कंधार’ म्हणतात. मराठीने त्याला ‘कंदाहार’ म्हणून वेगळे ठेवले आहे. हिंदी वृत्तपत्रांच्या ओघात हा भेद पुसला गेला तर राष्ट्रकूटांच्या कंधारचा वाचक अफगाणिस्तानात जाऊन पोहोचेल!

‘ऱ’चेही तसेच. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतला फरक आपल्या वाचकांना समजावून सांगावा लागणार नाही. चातुर्मासाच्या पत्रिकेत तो चुकला तर काय गहजब होईल! ‘दर्या’ म्हणजे सागर आणि ‘दऱ्या’ डोंगरातल्या. हा भेद टिकवायला कळफलकावर एक जादा अक्षर शोधावे लागते आणि घाईत लिहिणारे ते शोधत नाहीत.

काही भेद तर लिपीही दाखवत नाही. ‘थोडे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि वार्धक्याचा ‘जरा’ लिहायला सारखेच, म्हणायला वेगळे. चाकूरचा ‘च’ चाकातला की चंद्रातला, हे परक्याने कसे ओळखावे? नुक्ता देण्याचा उपाय आहे, पण मराठी लेखनात तो रुजलेला नाही. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी अचूक, तरी सामान्य वाचकाला अपरिचित. त्यामुळे गावच्या माणसाच्या आवाजातील ध्वनिमुद्रण हाच सरळ मार्ग ठरतो. विकिपीडियाच्या भगिनी प्रकल्पांत अशी मुद्रणे कोणालाही देता येतात.

नावांचा इतिहास लिहिताना कसोटी अधिक कठीण होते. राष्ट्रकूट राजे ‘लट्टलूर’ नगराचे स्वामी म्हणवून घेत. ते नगर म्हणजेच लातूर, असे अनेक अभ्यासक मानतात. स्थानिक परंपरा ‘रत्नापूर’ हेही नाव सांगते. पहिला अमोघवर्ष याच घराण्याचा. जिनसेनाचार्यांविषयी त्याची श्रद्धा आणि त्याच्या राजवटीतला महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा जैनांच्या अभिमानाचा विषय आहे. पण कोशात अभिमान चालत नाही. शिलालेखातले शिलालेखाच्या नावे, परंपरेतले परंपरेच्या नावे, असे वेगळे मांडावे लागते. गणिती महावीराचार्य आणि भगवान महावीर यांचे दुवेही एकमेकांत मिसळू न देणे आले.

येथेच खरी अडचण आहे. ‘आमच्या गावात असेच म्हणतात’ हे वाक्य शंभर टक्के खरे असले तरी कोशाला पुरत नाही. त्याला छापील आधार लागतो. पुणे-मुंबईच्या गल्लीबोळांवर पुस्तके आहेत, तर निलंगा, देगलूर, मुखेडकडच्या खेड्यांवर छापलेले शोधावे लागते. आधाराअभावी खरे नाव बाजूला पडते आणि जनगणनेच्या इंग्रजी यादीतून उलटलेले नाव लेखाच्या माथ्यावर बसते. हा नियम जाचक वाटतो खरा. पण तो सोडला तर ज्याचा आवाज मोठा त्याचे गाव मोठे होईल.

आणि छापील आधार अनेक घरांत पडून आहे. मंदिरांच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक, जुनी जिल्हा गॅझेटियर, बाजार समित्यांचे अहवाल. त्यांतले पान जसेच्या तसे उतरवता येत नाही, कारण प्रताधिकार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. मात्र त्यातील माहिती आपल्या शब्दांत, पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पृष्ठांक देऊन लिहिता येते. मराठी टंकलेखन जमत नसेल तर नातवंडांपैकी कोणी बसते. आजोबांनी स्मरणिका उघडून ‘ळ’वर बोट ठेवायचे, नातीने तो ‘ळ’ टंकायचा आणि खाली पृष्ठांक लिहायचा. एका गावाला पंधरा मिनिटे लागतात.