चूक १८५३ची, दुरुस्ती २०१४ची! वृत्तपत्रं इतक्या जुन्या चुका का सुधारतात?

छापताना एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की मराठीत त्याचं खापर 'मुद्राराक्षसा'वर फोडलं जातं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती आली की विषय संपतो. पण अमेरिकेतल्या 'द न्यूयॉर्क टाइम्स'ने काही चुका अनेक दशकांनी सुधारल्या आहेत, एक तर दीड शतकानंतर. त्यातल्या या तीन.

एका रात्रीत ५०० अंकांची उडी

६ फेब्रुवारी १८९८च्या अंकाचा क्रमांक होता १४,४९९. दुसऱ्या दिवशी १४,५०० छापायचं होतं, छापलं गेलं १५,०००! पुढे रोज कालच्या आकड्यात एक मिळवला जात राहिला आणि चूक शंभरहून अधिक वर्षं चालत आली. १४ मार्च १९९५ला ५०,०००वा अंक निघाला, तो खरं तर ४९,५००वा होता. अखेर वृत्तपत्राच्याच एका तरुण कर्मचाऱ्याच्या हे लक्षात आलं. ३१ डिसेंबर १९९९चा क्रमांक होता ५१,७५३, दुसऱ्या दिवशीचा ५१,२५४.

रॉकेटची खिल्ली

रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल, असं शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांनी मांडलं होतं. १३ जानेवारी १९२०ला या वृत्तपत्राच्या संपादकीय पानाने त्यांची टिंगल केली. अवकाशात हवाच नाही, मग रॉकेट रेटा कशाला देणार? शाळेत शिकवतात तेवढंही गोडार्ड यांना ठाऊक नाही, असा त्याचा सूर होता.

चूक मात्र लिहिणाऱ्याची होती. रॉकेट हवेला रेटत नाही. ते वायू मागे फेकतं आणि त्याच्या प्रतिक्रियेने पुढे जातं. हा न्यूटनचा तिसरा नियम. अपोलो ११ चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ला, वृत्तपत्राने दिलगिरी व्यक्त केली. गोडार्ड यांचं १९४५मध्येच निधन झालं होतं.

एका माणसाचं नाव

सॉलोमन नॉर्थअप हे न्यूयॉर्क राज्यातले स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक. १८४१मध्ये त्यांचं अपहरण करून त्यांना गुलाम म्हणून विकलं गेलं. गुलामीत त्यांचं नावही बदलून 'प्लॅट' करण्यात आलं. १२ वर्षांनी सुटका झाल्यावर २० जानेवारी १८५३च्या अंकात बातमी आली, पण मजकुरात 'नॉर्थरॉप' आणि मथळ्यात 'नॉर्थरप'. एकाच बातमीत दोन स्पेलिंग, दोन्ही चुकीची!

त्यांच्या आत्मकथनावरच्या '१२ इयर्स अ स्लेव्ह' या चित्रपटाने मार्च २०१४मध्ये ऑस्कर पटकावलं. जुनी बातमी पुन्हा चर्चेत आली आणि ४ मार्चला, १६१ वर्षांनी, दुरुस्ती छापली गेली.

मग उपयोग काय?

या दुरुस्तीचा गोडार्ड किंवा नॉर्थअप यांना काहीच उपयोग नव्हता. पण जुने अंक आज ऑनलाइन शोधता येतात. अभ्यासक त्यांचा पुरावा म्हणून वापर करतात. नावच चुकलं असेल, तर बरोबर नावाने शोधणाऱ्याला ती बातमी सापडणारच नाही.

वेबसाइटवर चूक गुपचूप बदलता येते. मात्र आधीची बातमी वाचून ती पुढे पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणूनच बातमीच्या शेवटी काय बदललं आणि कधी, हे सांगणारी ओळ महत्त्वाची. ती दिसली तर बातमीवर शंका घेण्याआधी एवढं लक्षात घ्या: चूक लपवणं सोपं होतं, तरी ती लपवलेली नाही.