हिरड्यांच्या उपचारानंतरचे दात
वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) येथे शरद पवार दंत महाविद्यालय १९९१ पासून चालू आहे. तरीही दातांवरचे किटण काढविणे म्हणजे दात ढिले करून घेणे, ही समजूत जिल्ह्यात काय आणि अन्यत्र काय, अद्याप सुखेनैव नांदते, कारण तिला डोळ्यांना दिसणारा पुरावा मिळतो. किटण निघताच हिरडीची सूज ओसरते, सुजेने झाकलेल्या फटी उघड्या पडतात आणि किटणाच्याच आधाराने उभा राहिलेला दात आपली खरी अवस्था कबूल करतो. परंतु त्याच्या भोवतीचे हाड डॉक्टरांच्या हत्याराने नव्हे, तर हिरडीखाली वर्षानुवर्षे साचलेल्या जंतूंच्या थराने चेतविलेल्या दाहाने झिजलेले असते.

उपचार झाला की पायोरियाचा कायमचा निकाल लागला, हा भ्रम याच्या उलट टोकाचा. गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. रोग तहकूब होतो, बरखास्त होत नाही, आणि म्हणूनच दर तीन ते सहा महिन्यांची तपासणी चुकविणाऱ्यांचे दात अधिक प्रमाणात जातात.

वय झाले की सगळेच दात पडायचे, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील हर्शफेल्ड आणि वासरमन यांचा १९७८ सालचा अभ्यास ध्यानी घ्यावा. उपचार घेतलेल्या ६०० रुग्णांचा त्यांनी सरासरी २२ वर्षे मागोवा घेतला, तेव्हा ३०० जणांचा एकही दात हिरड्यांच्या रोगाने गेला नव्हता. २५ जणांचे मात्र प्रत्येकी १० ते २३ दात गेले होते. दंतहानी अशी मोजक्या माणसांवर एकवटते. आणि त्या माणसांत तंबाखूचे व्यसनी, मधुमेह आटोक्यात नसलेले आणि उपचारानंतरही हिरडीत सहा मिलिमीटर वा अधिक खोल फटी उरलेले लोक विशेष आढळतात.

आमच्याकडील खर्रा घोटणारे यावर तत्परतेने सांगतात, की आम्ही धूर ओढत नाही. धूम्रपानाविरुद्धचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, हे खरे. पण तंबाखू, सुपारी आणि चुना यांचा तोबरा गालात ज्या जागी मुक्काम ठोकतो, तेथील हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडतात, याला धुराची गरज लागत नाही. बिडी ओढणाऱ्याची फसगत निराळीच : तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येते, आणि रक्त दिसत नाही म्हणून तो स्वतःला निरोगी समजतो.

हलणारा प्रत्येक दात काढलाच पाहिजे, हेही खरे नव्हे. दाह शमल्यावर काही दात पुन्हा स्थिरावतात. खरी चिंता दाढांची, त्यातही मुळांच्या बेचक्यापर्यंत हाड झिजलेल्या दाढांची, कारण त्या बेचक्यात साध्या ब्रशाचा केस शिरत नाही. तेथे दातांच्या फटींसाठी मिळणारा बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो, आणि त्याचा योग्य आकार डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा लागतो.