विद्यापीठाचा रिमोट नक्की कुणाच्या हातात?

निकाल रखडला, फी वाढली, शिकवायला सरच नाहीत. या तिन्ही तक्रारींवर आपलं एकच उत्तर असतं: "सरकार काही करत नाही." पण या तिन्हींची दारं वेगळी आहेत. चुकीचं दार ठोठावत बसलं की वर्ष हातचं जातं. म्हणून आज बघूया, महाराष्ट्रात सरकारी विद्यापीठांवर कुणाचं, किती चालतं.

आधी थोडी राज्यघटना. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीनंतर शिक्षण हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय झाला. दर्जा ठरवायचं काम केंद्राचं, म्हणून यूजीसी आणि एआयसीटीई. राज्य विद्यापीठ मात्र जन्माला येतं विधिमंडळाच्या कायद्याने. आपल्याकडे तो आहे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016, मार्च 2017 पासून लागू.

या कायद्यात गंमत अशी की राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती. शोध समिती निदान पाच नावं देते, त्यातलं एक कुलपती निवडतात, तो कुलगुरू. आमच्या भाषेत सांगायचं तर ॲडमिन ॲक्सेस राज्यपालांकडे, रोजचं काम कुलगुरूंकडे, आणि पैशाची चावी मंत्रालयात.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते 2017 साली मुंबई विद्यापीठात दिसलं. सगळ्या शाखांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करून कॉम्प्युटरवर तपासायचा निर्णय ऐनवेळी झाला. उत्तरपत्रिका लाखांत होत्या. प्राध्यापकांचं ट्रेनिंग, स्कॅनिंग, सर्व्हर, सगळंच कमी पडलं. कायद्याने निकाल जास्तीत जास्त 45 दिवसांत लागायला हवा. राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही हुकली. पुढचे प्रवेश टांगणीला लागले. विधिमंडळात गदारोळ झाला, पण कुलगुरूंना हटवणं शिक्षणमंत्र्यांच्या हातात नव्हतं. ऑक्टोबरमध्ये कुलपती म्हणून राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं.

मग हा अधिकार सरकारकडे का नको? डिसेंबर 2021 मध्ये तसा प्रयत्न झाला. दोन नावं सरकार सुचवेल आणि त्यातलं एक राज्यपाल निवडतील, असं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. पण त्याचा कायदा झाला नाही. सत्ताबदलानंतर नव्या सरकारने ते मागे घेतलं. एक बाजू म्हणते, निवडून आलेल्या सरकारला अधिकार हवा. दुसरी म्हणते, मग कॅम्पसमध्ये पक्षाचं राजकारण शिरेल. खरं सांगायचं तर राज्यपालांची नेमणूकही केंद्र सरकारच्या सल्ल्यानेच होते, त्यामुळे राजकारण कुठूनच पूर्ण बाहेर राहत नाही.

बरं, राज्य सरकारकडे काय उरतं? भरपूर. अनुदानित कॉलेजातल्या मंजूर पदांचे पगार राज्य देतं, आणि ही पदं भरायलाही सरकारची मान्यता लागते. ती अडली की तासिका तत्त्वावरच्या सरांवर भागवावं लागतं. नवीन कॉलेज कुठे हवं, याचा पाच वर्षांचा बृहत् आराखडा विद्यापीठ करतं. त्याला 'माहेड' हा मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग मान्यता देतो, आणि शेवटची परवानगी सरकारची.

आता तुमच्या कामाचं:

- पेपर, निकाल, गुणपत्रिका: विद्यापीठाचा परीक्षा विभाग.
- सीईटी आणि कॅप राउंड: राज्याचा सीईटी सेल.
- खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेंची फी: शुल्क नियामक प्राधिकरण.
- अनुदानित कॉलेजातली रिक्त पदं: उच्च शिक्षण विभागाचे विभागीय सहसंचालक.
- कॉलेज दादच देत नसेल: आधी विद्यार्थी तक्रार निवारण समिती, मग विद्यापीठाचा लोकपाल. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार हे दोन्ही असायलाच हवेत.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीचा कुठेच रेकॉर्ड राहत नाही, आणि "हे आमच्याकडे येत नाही" असं म्हणून कुणीही तुम्हाला पुढच्या खिडकीवर पाठवू शकतं. यादी स्क्रीनशॉट करून वर्गाच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!