खेळातली आगगाडी उसळी का घेते?

पालकहो, वेगाचे बटण थोडे फिरवले तर मुलाची विजेवरची आगगाडी हलत नाही. आणखी फिरवले की उसळी घेऊन रुळावरून घसरते. मूल हिरमुसते. पण इंजिन बहुधा बिघडलेले नसते. थांबलेल्या चाकांचे घर्षण मोडायला जास्त दाब लागतो, फिरत्या चाकांना कमी.

गाडी डिजिटल असेल तर उपाय सोपा आहे. आधी रूळ व चाके पुसा. वेग पहिल्या पायरीवर ठेवून सी.व्ही. २ एकेकाने वाढवा. इंजिन मुंगीच्या पावलाने निघाले की थांबा. सी.व्ही. ३ वाढवल्यास वेग सावकाश चढतो, ४ वाढवल्यास सावकाश उतरतो. मात्र ४ फार वाढवल्यास बटण शून्यावर आणूनही गाडी पुढे जात राहते.

आकडे मुलालाच वहीत लिहू द्या. कारण शोधायची सवय अशीच लागते.